नदीकडचं खाचर

"आधी नदीकडचं खाचर लावा," बांधावरून साईनाथ म्हणाला.

सावळी पोटरीभर चिखलात उभी होती. तिनं कमरेवर हात ठेवून वर पाहिलं. "दादा, ते मागसून लावू. नदीला अजून पानी यायचाय. कवळा रोप बुडला तं कुजल."

"माझी सुटी चारच दिवस. ते खाचर मला समोर उभं राहून लावून घ्यायचंय. दरवर्षी विरळ लावता तुमी."

सावळीनं एकदा सांगितलं होतं. तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगायची तिला सवय नव्हती. तिनं रोपाच्या मुठी उचलल्या आणि अकरा बाया तिच्यामागून नदीकडे वळल्या.

शेणव्याच्या वरच्या वाडीतून ती दरवर्षी अशी टोळी घेऊन सापगावला आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, उतरायची. आजवर रोजावर यायची. त्या साली, म्हणजे अठ्ठ्याण्णवला, साईनाथनं तिला सगळं शेत उक्तं दिलं. उक्तं म्हणजे दिवस मोजायचे नाहीत, बाया मोजायच्या नाहीत, शेत लावून दिलं की काम संपलं. साईनाथ ठाण्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. कंत्राट दिलं की जबाबदारी समोरच्याची, हे तो तिथं पक्कं शिकला होता. मग काम कसं करायचं हेही समोरच्यानंच ठरवायचं असतं, या धड्याला मात्र तो गैरहजर राहिला असावा. सावळीचीही एक समजूत होतीच. उक्तं घेतलं म्हणजे शब्द दिला, आणि शब्द दिला की शेत हिरवं केल्याशिवाय घरी जायचं नाही, मग चूक कुणाची का असेना.

साईनाथ कामावर परतला आणि दुसऱ्याच दिवशी नदी फुगली. तीन दिवस खाचर पाण्याखाली होतं. पाणी उतरलं तेव्हा वर गाळ राहिला आणि रोपाच्या जागी कुजका वास.

रविवारी साईनाथ येऊन बघून गेला. "उक्तं तुझं, सावळे. परत लावून द्यायचं तूच."

"तुमीच तं सांगितलात ना, आधी ह्याच लावा म्हणून?" सावळीची सून रुपा म्हणाली.

"मी काय वाटेल ते सांगीन. कंत्राट कोणी घेतलंय?"

रुपा आणखी बोलणार होती. "गप गो," सावळी म्हणाली. मग साईनाथकडे वळली. "रोप हाय का?"

"माझ्या राबातलं रोप संपलं. ते तू बघ."

सावळीनं पाहिलं. तिच्या झोपडीमागं तिचा स्वतःचा राब होता, रोपांचा वाफा, तिच्या एकुलत्या खाचरापुरता. लाल दाण्याचं हळवं भात, लवकर पिकणारं. आईनं लग्नात दिलेलं बी, दुकानात न मिळणारं. घरातलं सगळं बी तिनं त्या राबात पेरलं होतं. पहाटे ती तेच रोप उपटायला बसली.

"आत्या, मंग आपल्या शेतात काय लावाचा?" रुपानं विचारलं.

"काय नाय."

"आन पुढल्या सालाला बी?"

सावळीनं उपटलेल्या रोपाची मूठ बांधून बाजूला ठेवली. सापगावच्या गाळात वाकून रोप टोचताना तिला रडू आलं. वाकलेल्या बाईचं रडू कुणाला दिसत नाही, तेवढी सोय आवणीत आहे.

पावसाळा गेला. वाडीवर तिच्या खाचरात गवत माजलं. आणि दसऱ्याला सापगावात गंमत झाली. साईनाथचं गरवं, उशिरा पिकणारं भात अजून हिरवंगार होतं, आणि त्याच्या कडेला नदीकडचं खाचर पिवळं धमक. येणारे-जाणारे विचारू लागले, "काय रे साईनाथ, शेताला कावीळ झाली काय?" सगळ्या शिवारात तेवढंच पिकलेलं, म्हणून पाखरंही सगळ्या शिवाराची तिथंच उतरली.

शेवटी साईनाथ स्वतः वाडीवर चढून आला. दारात उभा राहिला. "कापून दे. पाखरं काय ठेवत नाय."

सावळी सुपात धान्य पाखडत होती. "रोजावर का उक्ता?"

"उक्तं."

"मंग बांधावर यायचा नाय."

कापणी झाली, झोडणी झाली, तोवर तो ओटीवरून हलला नाही. संध्याकाळी सावळीनं त्याच्यासमोर पोती लावली. मग एक पोतं सोडून चांगल्या दाण्याचं दोन पायली भात मापलं आणि फडक्यात बांधलं.

"ह्या माझा बी," ती म्हणाली.

साईनाथ पोत्यांकडे बघत होता. "अजून ने की."

"बी तेवढाच लागतो."

शेणव्याच्या जीपमध्ये गर्दी होती. ड्रायव्हर म्हणाला, गाठोडं वर टपावर टाका. सावळीनं ऐकलं नाही. ती गाठोडं मांडीवर घेऊन बसली, आणि दोन माणसांचं भाडं मागितलं तेव्हा तेही तिनं मुकाट्यानं दिलं.