कंपनीचं उत्तर

शिरूरची रेचल मोटार-स्टार्टरच्या कंपनीत कामाला होती. मोबाईलवरून शेतातली मोटार चालू-बंद करणाऱ्या शेतकऱ्यांच्या फेसबुक ग्रुपवर कंपनीच्या वतीने उत्तरं देणं, हे तिचं काम. नवं ॲप आल्यापासून मोटारी बंदच होत नव्हत्या. लोक चिडले होते. रेचल प्रत्येकाला ठरलेलं वाक्य पाठवत होती, ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’

कासुर्डीच्या सुवर्णाने पाण्यात बुडालेल्या शेवंतीचा फोटो टाकला. खाली लिहिलं, ‘ताई, तुम्ही माणूस हाय का मशीन?’

रेचल थोडा वेळ फोटो बघत राहिली. मग तिने लिहिलं, ‘माणूस आहे. चूक आमच्या ॲपची आहे. दुरुस्त होईपर्यंत विहिरीवर जाऊन मोटार हातानेच बंद करा.’

लगेच साहेबांचा फोन आला. ‘चूक कबूल करायला कुणी सांगितलं? डिलीट कर ते.’

‘सर, डिलीट केलं तर लोक पुन्हा ॲपच्या भरवशावर राहतील.’

साहेबांनी स्वतःच ते उत्तर काढून टाकलं. पण तोवर लोकांनी त्याचे स्क्रीनशॉट गावोगावी पाठवले होते. दोन दिवसांनी कंपनीने जुनं ॲप परत सुरू केलं आणि रेचलला बिलिंगला बसवलं. तिथे तिच्यावर कुणी ओरडत नव्हतं. तरी तिला ते काम आवडलं नाही.