ड्रिल मास्तरांची पाठ

आमच्या ह्यांचा चेहरा बेताचाच, पण पाठ म्हणाल तर साऱ्या कुंभकोणमात तशी दुसरी नाही. हे मी म्हणत नाही, तेच म्हणतात, आणि सत्तरी उलटली तरी म्हणतात. हे म्हणजे अप्पाराव, इथल्या शाळेतले निवृत्त ड्रिल मास्तर. लग्नात पाटावर बसले तेही सावधान! त्यानंतर आजवर कुठल्या खुर्चीला त्यांनी पाठ टेकलेली मी पाहिलेली नाही. आवाज असा, की त्यांनी आमच्या घरात पाणी मागितलं तर शेजारची शिवकामी तांब्या भरायला उठते.

अशा माणसाच्या पोटी आमची अक्षया जन्मली, आणि ती बोलते कुजबुजत. फिजिओथेरपी शिकली, गावाबाहेर दारासुरमच्या रस्त्याला कॉलेज आहे तिथेच नोकरीला लागली. दुखणाईत माणसांना तिचा मऊ आवाज आवडतो. पण तिला ध्यास होता वर्गावर शिकवायचा. त्यावर तिच्या विभागप्रमुख गोदा मॅडमनी तोंडावर सांगितलं, "तुझा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचत नाही, वर्ग कसा देऊ? शनिवारी पाठीच्या स्नायूंचं प्रात्यक्षिक घे. जमलं तर पुढच्या सत्रापासून वर्ग तुझा. नाही जमलं तर हा विषय माझ्याकडे पुन्हा काढू नकोस."

प्रात्यक्षिकाला जिवंत पाठ लागते. कातडीवर रंगीत पेन्सिलीने एकेक स्नायू काढायचा आणि मुलांना तो हलताना दाखवायचा. अक्षया भीत भीत म्हणाली, "अप्पा, तुमची पाठ देतां कां?" झालं! ह्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दोन दिवसांत टाउन बसच्या कंडक्टरलासुद्धा बातमी कळली.

आता शनिवार म्हणजे आमच्याकडे पुरुषांचं तेलाचं न्हाणं. मराठे राजांच्या मागोमाग आमचे पूर्वज तंजावरला आले आणि तमिळ शेजाऱ्यांकडून त्यांनी जे चांगलं ते उचललं, त्यातलंच हे. एक वेळ जेवण चुकेल, पण न्हाणं चुकायचं नाही. लग्न झाल्यापासून त्या पाठीला तिळाचं तेल मीच चोळते आहे. मी नेहमीप्रमाणे तेल काढायला शीयक्कायची, म्हणजे शिकेकाईची, वाटी घेऊन पुढे झाले, तर हे म्हणाले, "भुवना, पाठीस शीयक्काय नको. थोडी चकाकी असूं दे."

मलाही ते पटलं. आपली वस्तू चारचौघांत न्यायची, तर जरा उजळूनच न्यावी ना! वरून मी आणखी एक हात तेलाचा फिरवला.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. वर्ग गच्च भरलेला, मागच्या भिंतीपाशी गोदा मॅडम हाताची घडी घालून उभ्या. ह्यांनी ऐटीत सदरा काढून माझ्या हातात दिला आणि मुलांकडे पाठ करून उभे राहिले. मी एका बाजूला स्टुलावर बसले होते. अक्षयाने पेन्सिल टेकवली, तर ती घसरली. पुन्हा टेकवली, पुन्हा घसरली. तिने कापसाने पुसलं, स्पिरिट लावलं. पण इतक्या वर्षांचं मुरलेलं तेल ते, कुठलं निघतंय! मुलं खुसखुसू लागली. अक्षया काहीतरी बोलत होती, ते चार हातांवर बसलेल्या मलाही ऐकू येईना. मला माझ्या हातांचा असा राग आला की सांगता सोय नाही.

तेवढ्यात ह्यांनी तिच्या कानात सांगितलं. ह्यांचं कानातलं म्हणजे काय, खिडकीबाहेरच्या माळ्यानेही ऐकलं. "हळू कां बोलतेस गे? मोठ्यान बोल!"

वर्ग खो खो हसला. आणि आमची अक्षया भडकली. आमची घरची मराठी आम्ही उंबऱ्याबाहेर काढलीच तर कानात, एरवी बाहेर सगळी तमिळ. पण तिच्या तोंडून घरचीच भाषा निघाली, आणि ती अशी निघाली की खिडकीवरचं कबूतर उडालं.

"तुम्हीं उगे राहा, अप्पा! तेल चोपडून यायास कोणी सांगितलें? नीट उभे राहा! दोनी खांदे वर!"

जन्मभर हुकूम सोडलेला माणूस, त्याने हुकूम पाळला. खांदे वर गेले. मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत मोठी चौकट उभी राहिली. अक्षयाने पेन्सिल फेकून दिली आणि बोटाने त्या चौकटीची कड दाखवत तमिळमध्ये ठणकावून सांगितलं, "हा ट्रॅपिझियस!" मग, "हात कमरेमागे! तळवा मागे ढकला!" खांद्याच्या फऱ्याच्या आतल्या बाजूने लपलेला स्नायू उमटला. "कोपर खाली दाबा, माझ्या हातावर!" काखेमागून रुंद पट्टा ताणला गेला. "कमरेतून वाका, मान वर!" कण्याच्या दोन्ही अंगांना दोन जाड दोर उठले. आणि तेलाची गंमत अशी, की दिव्याखाली प्रत्येक स्नायू नुकत्याच घासलेल्या समईसारखा लखलखत होता. शेवटच्या बाकावरची मुलं उभी राहून बघत होती. इतकी वर्षं मी चोळत होते ते काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

"आतां सैल सोडा," अक्षया म्हणाली. ताठ स्नायू दाखवला, तसा विसावलेलाही दाखवायला हवा होता.

इथे घोडं अडलं. सैल सोडणं ह्यांना येतच नाही. ती पुन्हा ओरडली, "सैल, अप्पा!" तर हे आणखी ताठ! घामाने कपाळ भिजलं, पण खांदे काही उतरेनात. गोदा मॅडम भिंत सोडून पुढे आल्या. लेकीचा वर्ग आता आपल्यापायी जाणार, हे ह्यांच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसलं, आणि त्या भीतीने ते लाकूड होत चालले होते.

अक्षयाने त्यांच्या खांद्यावर तळवा ठेवला. आवाज पुन्हा तिचा तो जुना, मऊ. "अप्पा, पुरे आतां. पोचला माझा आवाज. आतां मी सांभाळतें."

तिच्या तळव्याखाली तो खांदा हळूहळू खाली आला. मग दुसरा. मग सगळी पाठ. वर्ग इतका शांत होता की तिचा तो हळू आवाजही भिंतीपर्यंत गेला असणार.

"पाहा," ती मुलांना म्हणाली, "आता विसावला."

गोदा मॅडम म्हणाल्या, "पुढच्या सत्रापासून वर्ग घे. फक्त पुढच्या वेळी ह्यांना साबण लावून आण." मुलांनी टाळ्या वाजवल्या. हे सदऱ्याची बटणं लावत होते, ती चुकीच्या काजात गेली, आणि मी ती नीट करेपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

परतताना टाउन बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. बस सुटली आणि ह्यांनी पाठ टेकली. मागे रेलून, तोंड उघडं टाकून घोरू लागले, पांढऱ्या सदऱ्याला तेलाचा डाग पडला तरी. कंडक्टर बघतच राहिला. मी त्यांना उठवलं नाही. त्यांच्या वाटणीचं ताठ मीच बसले, अगदी घरापर्यंत.