मी फक्त लेकरं तोलली

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. हे ऐकून तुम्हाला जालन्याच्या मोंढ्यातले मोठमोठे काटे आठवतील. त्यांच्यावर धान्याची पोती चढतात, मोसंबीचे ढीग चढतात. त्यांची आमची सोयरीक नाही. मी आयुष्यात ना कधी कांदा तोलला, ना गूळ. मी फक्त लेकरं तोलली.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोटात एक स्प्रिंग, तोंडावर गोल तबकडी, तिच्यावर बारीक सुई, वर एक आकडा आणि खाली एक आकडा, एवढाच माझा संसार. खालच्या आकड्याला कापडी झोळी अडकवतात. तिला पाय घालायला दोन भोकं असतात, म्हणजे लेकरू निसटत नाही. खोक्यात बसून मी जालन्याला आलो, मग अंबडला, आणि तिथून जीपच्या टपावर बसून वडीगोद्रीच्या पलीकडच्या एका गावात उतरलो. तिथल्या अंगणवाडीत छताच्या कडीला मला टांगलं. लोंबकळत राहणं इतरांना कमीपणाचं वाटत असेल, माझं सगळं मोठेपण मात्र त्यातच होतं.

अंगणवाडीची सेविका मीनाताई आणि तिची मदतनीस वंदनाताई, या दोघींनी मला सांभाळलं. महिन्यातून एकदा वजनाचा दिवस यायचा. लेकरू झोळीत घातलं की भोंगा सुरू! एकाचं ऐकून दुसरं रडायचं आणि दुसऱ्याचं ऐकून गल्लीतलं कुत्रं भुंकायचं. कित्येकांनी माझ्या झोळीला अभिषेकही घातला. मला त्याचा कधी राग आला नाही. वंदनाताई झोळी धुऊन कुंपणावर वाळत घालायची आणि मी पुन्हा तयार.

मित्रांनो, त्या अंगणवाडीत धाकट्या लेकरांना, गरोदर बायकांना आणि अंगावर पाजणाऱ्या आयांना खायला मिळतं. थोड्या मोठ्या मुलांना तिथंच गरम खिचडी आणि उसळ, लहानग्यांना घरी न्यायची पाकिटं. जे लेकरू फार वाळलेलं निघतं त्याला दिवसातून पुन्हा पुन्हा बसवून खाऊ घालतात. हे कोणाचे उपकार नाहीत, कायद्याने दिलेला हक्क आहे. पण लेकरू वाळलंय हे ओळखायचं कसं? घरच्यांना ते रोजच दिसतं, डोळ्यांना सवय होऊन जाते. म्हणून माझी गरज.

सुरुवातीला मला कोणी जवळ येऊ देईना. लेकराला तोलू नये, तोललं की नजर लागते आणि ते वाळतं, असं गावातल्या म्हाताऱ्या म्हणायच्या. मीनाताईने त्यांच्याशी वाद घातला नाही. तिने काजळाची डबी आणली, स्टुलावर चढली आणि माझ्याच तबकडीवर, अगदी गालावर लावावी तशी, तीट लावली.

"घ्या, आता नजर लागली त याला लागंल," ती म्हणाली. "लेकरायला न्हाई."

म्हाताऱ्या हसल्या आणि नातवंडं घेऊन येऊ लागल्या. सगळ्या गावाच्या लेकरांची नजर मी एकट्याने अंगावर घेतली. याचा मला आजही अभिमान आहे.

त्या म्हाताऱ्यांत एक होती द्वारकाबाई. गाव तिला द्वारकामाय म्हणायचं. एकेकाळी घरची जमीन मोठी होती, पुढे भावाभावांत वाटे पडत गेले आणि घरापुरतं रानही उरलं नाही. मुलगा आणि सून दुसऱ्याच्या कपाशीत कामाला जात. पण द्वारकामायचा ताठा जुनाच. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिचं आवडतं बोलणं. तिची नात आकांक्षा नुकती कुठे धरून धरून उभी राहायला लागली होती. सून शिवकन्या दिवस उगवायच्या आत कापूस वेचायला निघून जायची आणि नात दिवसभर आजीच्या कडेवर असायची.

एका वजनाच्या दिवशी द्वारकामाय आकांक्षाला घेऊन आली. लेकरू झोळीत बसलं आणि मी दचकलो. झोळीत लेकरू कमी आणि खुळखुळाट जास्त! पायांत चांदीचे जाड वाळे, हातांत कडी, आणि झग्याच्या आत कमरेला आजीने स्वतःच्या अंगावरचा चांदीचा पट्टा दोन वेढे देऊन आवळलेला. माझी सुई बरोबर ठीकठाक जागी जाऊन थांबली. आजीने सुटकेचा निःश्वास टाकला. मित्रांनो, ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. नात वाळलीय हे आजीला मनातून कळलं होतं, पण 'त्या घरात लेकराला खायला मिळत नाही' असं चारचौघींनी म्हणावं, हे तिला सोसणार नव्हतं. माझा धर्म असा की जे टांगलं ते सांगायचं. त्यात लेकरू किती आणि चांदी किती, हे मला बोलता येत नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझं मुकेपण खुपलं.

मीनाताईने तो खुळखुळाट ऐकला. तिने आकांक्षाचे दंड हलकेच चाचपले आणि मोठ्याने म्हणाली, "अगं बायांनो, हा काटा लई जुना झाला. चांदीनं याची सुई अडकून राह्यली. समद्या जणी लेकरायचे दागिने काढा बरं. माय, तुम्ही बी काढा."

माझी सुई अडकते? उभ्या आयुष्यात कधी अडकली नव्हती! पण मी आळ मुकाट्याने सोसला, कारण तिचा डाव माझ्या लक्षात आला होता. सगळ्याच बायकांनी दागिने उतरवले, त्यामुळे एकट्या द्वारकामायकडे कोणी बोट दाखवू शकलं नाही. असं शहाणपण मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आकांक्षाला पुन्हा झोळीत बसवलं. सुई थोडीशी हलली आणि खूप अलीकडेच थांबली. पोर रडलीसुद्धा नाही. तिच्या अंगात रडण्याएवढी ताकद नव्हती. मला फार वाईट वाटलं.

मीनाताईने आकडा मोठ्याने वाचला नाही. सगळ्या बायका घरी गेल्यावर ती द्वारकामायजवळ बसली. "माय, पोरगी लई खाली गेली. उद्यापासून इथं आणा, दिवसातून चार-पाच डाव खाऊ घालू. आसंच राह्यलं त साधा ताप बी तिला झेपायचा न्हाई."

द्वारकामाय भडकली. "आमच्या घरी काय दुष्काळ पडला का? दारात म्हैस हाय. आमी फुकटचं खानारे न्हाई."

एवढ्यात शिवकन्या दारात आली. कापसाची बोंडं लागून हात ओरखडलेले, डोक्यावर तसंच फडकं. सासूपुढे ती कधी मान वर करत नसे. त्या दिवशी तिने केली.

"आत्याबाई, अंगणवाडीची पाकिटं तुमी म्हशीला घालता. म्हशीचं दूध डेअरीत जातं. अन मह्या लेकराला चहात बुडवून बिस्कीट. मंग तिच्या पोटात जातं काय?"

खरंच, अंगणवाडीच्या दारावरून जाणारी ती म्हैस काय तुकतुकीत दिसायची! द्वारकामायने दागिने ओच्यात बांधले, नातीला उचललं आणि ती तरातरा निघून गेली. ती पुन्हा येईल असं मला वाटत नव्हतं. मी कडीला लटकून नुसता दाराकडे बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी खिचडी चुलीवर चढायच्या आधीच ती आली, मागच्या गल्लीने. कडेवर आकांक्षा आणि हातात दुधाचा तांब्या.

"हे तिच्या वाट्याचं दूध," ती म्हणाली. "डेअरीत आज कमी गेलं. जाऊ दे. पन फुकट खाऊ घालनार न्हाई मी, आधीच सांगते."

"माय, हे फुकट न्हाईच," मीनाताई म्हणाली. "सरकारनं कायद्यात लिव्हलेलं हाय. मह्या लेकरालाबी मिळालं, तुमच्याबी लेकराला मिळतं. हक्काचं खायला लाज कशाची?"

त्यानंतर द्वारकामायने जे केलं, त्याला तोड नाही. ती अंगणवाडीत ठाण मांडून बसायची. आकांक्षाला बिस्किटाची सवय, ती खिचडी थुंकायची. आजी न चिडता पुन्हा घास करायची. उकडलेलं अंडं कुस्करून, मऊ भातात वरून चमचाभर तेल घालून, कधी केळं, कधी वंदनाताईने केलेला शेंगदाण्याचा लाडू चुरून. एक घास काऊचा, एक चिऊचा आणि एक या टांगलेल्या काट्याचा, असंही ती म्हणायची. माझ्या नावाने कोणी घास भरवलेला तो पहिलाच. घरची पाकिटं आता म्हशीपुढे जात नव्हती. आजी त्यांची लापशी करायची आणि तांब्यातलं दूध घालून नातीला पाजायची.

माझी सुई सरकू लागली. आधी केसभर, मग बोटभर. पुढे एका वजनाच्या दिवशी आकांक्षाने झोळीत बसताच असा भोंगा पसरला की सारी अंगणवाडी दणाणली. तिने लाथ झाडली आणि माझा खालचा आकडाच मुठीत धरला. मी गरागरा फिरलो. मीनाताईने वजन या वेळी मोठ्याने वाचलं. द्वारकामाय पदर डोळ्यांना लावून हसत होती. त्या दिवसाइतका आनंद मला पुन्हा झाला नाही.

पुढे बॅटरीवर चालणारं चपटं यंत्र आलं. त्याच्यावर आकडे लखलखतात, त्याला कडी लागत नाही की झोळी. मला काढून कोपऱ्यातल्या खिळ्याला अडकवलं. वंदनाताई आता माझ्या आकड्याला आपली पिशवी लावते आणि मी मनातल्या मनात पिशवीचं वजन करत बसतो. स्प्रिंगला गंज चढलाय. त्याचं दुःख आहेच, खोटं कशाला बोलू? पण त्या कोपऱ्यातून मला अजून सगळं दिसतं.

परवाच वजनाचा दिवस होता. आकांक्षा आता खिचडीच्या रांगेत ढकलाढकली करते. दाराबाहेर एक नवीनच आलेली तरुण आई छातीशी बाळ घेऊन उभी होती. बाळाला तिने दुपट्यात गच्च गुंडाळलं होतं. आत भरपूर बायका बसल्या होत्या, म्हणून ती उंबऱ्याच्या आत येईना. मीनाताईने बोलावलं तरी ती मान खाली घालून तशीच उभी राहिली.

तेव्हा द्वारकामाय उठली. सगळ्यांच्या देखत, मोठ्या आवाजात बोलली.

"ये पोरी, लाजू नको. मह्या घरी म्हैस व्हती, दूध व्हतं, अन मही नात उपाशी व्हती. मी तिला चांदी घालून तोललं, लोकायनी काय म्हणू नये म्हणून. मेली असती मही आकांक्षा. आण इकडं ते बाळ."

ती आई आत आली आणि तिने दुपटं सोडलं. नवं यंत्र पुढे सरकवायला द्वारकामायच वाकली.

मित्रांनो, जिने घराचं नाव राखायला स्वतःचा पट्टा नातीच्या कमरेला बांधला, तिने दुसऱ्याच्या बाळासाठी तेच नाव भर सभेत खाली ठेवलं. एवढं मोठं मन तोलायला माझ्यासारखे कितीही काटे आणा, पुरणार नाहीत. मी मोडीत निघालो तरी चालेल, मला तेलपाणी नाही केलं तरी चालेल. माझं मागणं एवढंच आहे. कोणाच्या घरी काय काय आहे, हे विचारत बसू नका. त्या घरातलं सगळ्यांत धाकटं लेकरू आज काय जेवलं, तेवढं विचारा. आणि उत्तर द्यायची पाळी तुमच्यावर आली, तर खरं सांगा.