मागं उभं राहायचं वाद्य

संगीत माणसाला निर्भय करतं. सूर गवसला की भीती गळून पडते आणि माणूस स्वतःच्या पलीकडे जातो. हे ज्यांनी लिहून ठेवलं त्यांच्याविषयी आदर आहेच. पण त्यांना शिवाजी पेठेत, ओळखीच्या माणसांसमोर, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी वाद्य हातात घ्यावं लागलं नव्हतं.

वीरभद्र शेटे यांना लागलं. वीरभद्र हे नाव आजोबांनी बारशालाच ठेवलं, पोरगं कसं निघतंय याची वाट न पाहता. शेट्यांचं शाहूपुरीत बेअरिंग आणि बेल्टचं दुकान होतं, घर शिवाजी पेठेत. ते कुत्र्यांना भीत, लिफ्टला भीत, इन्कम टॅक्सच्या पाकिटाला न फोडताच भीत. पण या किरकोळ भित्या. खरी भीती एकच होती : पेठेत आपल्याला नाव पडेल.

पेठेबाहेरच्यांसाठी सांगायला हवं. पेठेत माणसाला एक नाव बाप देतो आणि दुसरं गल्ली देते. टिकतं ते दुसरं. एक गृहस्थ फार पूर्वी मिरवणुकीसमोर सायकलवरून आडवे झाले. एकदाच झाले, लगेच उठलेही. त्यांचा नातू आज हृदयरोगतज्ज्ञ आहे आणि लोक एकमेकांना सांगतात, "छातीत दुखतंय व्हय? मग आडव्यांच्याकडं दाखवा की." या घराच्या लग्नपत्रिकेत 'आडवे' हे कंसात छापावं लागतं, नाहीतर पाहुणे दुसऱ्याच मांडवात जेवून येतात.

शेट्यांनी हे संकट आजवर काहीही न करता टाळलं होतं. ते मिरवणुकीत नाचले नाहीत, सभेत बोलले नाहीत, पंगतीत दुसऱ्यांदा काही मागितलं नाही. इतक्या काटकसरीनं जगूनही दोन हजार पाच साली त्यांचा रक्तदाब वाढला. डॉक्टर म्हणाले, एखादा छंद लावून घ्या.

ही गोष्ट त्यांनी प्रसेनजीत कांबळेच्या कानावर घातली. प्रसेनजीत शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर, शेट्यांचं जुनं गिऱ्हाईक, आणि सुट्टीच्या दिवशी एक हौशी ऑर्केस्ट्रा चालवायचा.

"मग आमच्यात या की, अण्णा. आमचा डबल बासवाला पुण्याला गेला. वाद्य नुसतंच कोपऱ्यात उभं हाय."

"मला काही येत नाही रे."

"त्याला काय येयाला लागतंय? चार तारा. गजबिज काय नको, बोटानं ओढायच्या."

"लोक ऐकतील."

"बास?" प्रसेनजीत हसला. "अण्णा, बास कुणाला ऐकू येत न्हाई. नसला की चुकल्यागत वाटतंय, असला की पत्ता न्हाई. आनि उभं राहायचं सगळ्यांच्या मागं. वाद्य तुमच्यापेक्षा उंच. तुम्ही दिसत बी न्हाई."

आपल्या स्वभावाचं वाद्य जगात कुणीतरी करून ठेवलं आहे, हे शेट्यांना त्या दिवशी कळलं.

वाद्य टेम्पोत झोपवून दुकानामागच्या गोडाऊनात आणलं. ते व्हायोलिनच्या घराण्यातलंच, पण तालमीत वाढल्यासारखं दिसत होतं. दुपारी शटर ओढून शिकवणी सुरू झाली. डबल बासला पडदे नसतात. पेटीवर बोट चुकलं तरी कुठला ना कुठला सूर लागतोच. इथं दोन सुरांच्या मध्ये भरपूर मोकळं रान असतं आणि शेट्यांचं बोट नेमकं तिथं जाऊन बसे. शेवटी प्रसेनजीतनं वाद्याच्या मानेवर पिवळ्या इन्सुलेशन टेपच्या पट्ट्या चिकटवल्या.

"पट्टीवर दाबायचं. पट्टीच्या भाईर जग न्हाई असं समजा."

शेट्यांना हे समजायला जड गेलं नाही. जगाबद्दल त्यांचं तसंच मत होतं.

बोटांना फोड आले. ते बायकोनं पाहिले. महादेवी निपाणीकडची, आश्चर्य वाटलं की तिकडचं बोले.

"अय्यो, हे काय ओ? दुकानात हमाली करताय काय?"

"बेल्ट चढवताना लागलं."

"आनि झोपंत धूं धूं करताय ते?"

शेट्यांनी खरं सांगितलं. महादेवी भिंतीला टेकून पुष्कळ वेळ हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "वाजवा की. पण पेठंत नको हं." हे ऐकून शेटे अधिकच घाबरले. म्हणजे बाहेरून आलेल्या बाईलाही पेठ कळली होती.

पेठेतल्या तालमी कुस्तीसोबत फुटबॉलही खेळतात; पुढच्या उन्हाळ्यात त्यांतल्या एकीच्या संघानं चषक जिंकला. खेळाडूंचा सत्कार ठरला, आणि सत्काराला प्रसेनजीतचा ऑर्केस्ट्रा.

"अण्णा, तुमच्याच पेठंत की ओ!" प्रसेनजीतनं फोनवर अभिनंदन केलं.

शेट्यांनी त्या आठवड्यात आजारी पडण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. बर्फाचे गोळे खाल्ले, डोक्यावरून गार पाणी घेऊन पंख्याखाली बसले. उलट थोडं बरं वाटलं. नाही म्हणायचीही भीती होती. 'भ्याला' हेसुद्धा नाव पडू शकतं.

संध्याकाळी मैदान भरलं. शेटे स्टेजच्या मागच्या कोपऱ्यात, वाद्याच्या आड. एका बाजूनं डावा कान तेवढा दिसत असावा. तालमीचे अध्यक्ष बाळासो माइकवर म्हणाले, "लोडशेडिंग आठला हाय, पर कुणी काळजी करायची न्हाई. सयाजीचा जनरेटर सांगितलाय. येतोय तो, वाटंवरच हाय." सयाजी पेठेत मांडव आणि जनरेटर भाड्यानं द्यायचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पहिली दोन गाणी निर्धोक गेली. प्रसेनजीतचं म्हणणं खरं होतं, बास कुणालाच ऐकू येत नव्हता. खुद्द शेट्यांनाही नाही. तिसऱ्या गाण्यात ते पिवळ्या पट्ट्यांवर नजर रोवून उभे होते, तेवढ्यात पट्ट्या गेल्या. मग हात गेले, मग मैदान गेलं. आठ वाजले होते.

कीबोर्ड मुका झाला. गिटार मेली. ऑक्टोपॅडवर कुणीतरी काठी मारली ती नुसती प्लॅस्टिकवर वाजली. गाणारी मुलगी माइकशिवाय एक ओळ गाऊन लाजून थांबली. स्टेजवर वीज न लागणारं वाद्य एकच होतं, आणि ते शेट्यांच्या हातात होतं.

ते वाजत होतं.

थांबावं, तर इतका वेळ कोण वाजवत होतं ते कळणार. न थांबावं, तर आत्ता कोण वाजवतंय ते कळणार. शेट्यांना निर्णय घेता येईना, आणि निर्णय होईपर्यंत बोटं चालूच राहिली. पट्ट्या दिसत नव्हत्या म्हणून त्यांनी डावा हात होता तिथंच घट्ट धरून ठेवला. एकच तार, एकच सूर. धूं धूं धूं धूं. ठेका काळजाचा होता, त्यामुळं जलद होता.

मैदान चिडीचूप झालं. हजारभर माणसं कान देऊन ऐकत होती. मग कुठूनतरी शिट्टी आली, आणि टाळ्यांचा कडकडाट.

"आला रं आला!"

"चालू झाला!"

शेटे वाद्याच्या आड आणखी सरकले. ओळखलं. आता नाव.

"अध्यक्ष, रेस द्या म्हणावं की जरा!"

शेट्यांनी भीतीनं वेग वाढवला. बाळासो अंधारात ओरडत होते, "बसा, बसा! उठू नका कुणी! आत्ता हुतंय बघा!" प्रसेनजीत कानाशी पुटपुटला, "अण्णा, थांबू नका. तुमच्या आवाजावर माणसं बसल्यात."

आणि मध्येच, टाळ्या ओसरल्यावर, शेट्यांना ते वाद्य पहिल्यांदा एकटं ऐकू आलं. लाकडातून निघून ते थेट त्यांच्या पोटात वाजत होतं. चांगला आवाज होता. शेटे दोन-चार ठोके भ्यायचं विसरले.

"आवाज येतोय, पर उजेड कुठाय?" पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं.

शेट्यांच्या बोटाचं कातडं निघालं तेव्हा ते थांबले.

"बंद पडला, च्या मायला," तोच आवाज म्हणाला, आणि खुर्च्या सरकू लागल्या.

रात्रभर त्यांना झोप आली नाही. सकाळी ते दाढीला गेले, कारण पेठेत नाव आधी न्हाव्याच्या दुकानात उच्चारलं जातं, आणि जे व्हायचं ते एकदाचं व्हावं. केरबानं तोंडाला फेस लावला.

"काल हुता न्हवं तुम्ही?"

"होतो. मागं होतो."

"मग ऐकलं असंल की. सयाजीचा जनरेटर! पाव तास नुसता धडधडतोय, एक बल्ब लागंल तर शपथ!"

"बिनदिव्याचा सयाजी," बाकावरचा एकजण म्हणाला. दुकान खदखदलं. नाव पडलं होतं.

"पर आवाज बेकार हुता," केरबा म्हणाला. "बेअरिंग गेलंय त्याचं. काय शेटे, तुमचा तर धंदाच हाय. बेअरिंगच न्हवं?"

वस्तरा गळ्यावर होता. तो नसता तरी फरक पडला नसता. शेट्यांना रात्रीचा तो पोटात घुमलेला सूर आठवला.

"बेअरिंगच," ते म्हणाले. "पार गेलेलं."

तज्ज्ञाचं मत पडल्यावर विषय मिटला. सयाजी चौकात उभा राहून ओरडला, "आरं, मी आलोच न्हवतो!" पण आवाज पेठेनं स्वतः ऐकला होता. गणपतीपर्यंत 'बिनदिवे' कायम झालं. सयाजीच्या पोरीला शाळेत त्याच नावानं हाका येऊ लागल्या. महादेवी म्हणाली, "सांगून टाका की ओ त्यांना." शेटे दोनदा घरातून निघाले आणि दोन्ही वेळा भाजी घेऊन परत आले.

मग एके दुपारी सयाजीच दुकानात आला. शेट्यांनी काउंटर घट्ट धरला.

"समदी म्हणत्यात बेअरिंग गेलंय," सयाजी थकून म्हणाला. "मला तर काय ऐकू येत न्हाई. तुम्हाला कळतंय म्हणं. द्या एक, टाकतो बदलून."

शेट्यांनी दुकानातलं सगळ्यात चांगलं बेअरिंग काढून दिलं आणि घाम पुसला. सयाजीचा जनरेटर सत्काराच्या संध्याकाळी कागलला एका साखरपुड्याला गेला होता. तिथं वीज गेलीच नव्हती.