बाहेरून लावलेली कडी

थांबा. दार ढकलण्याआधी माझं ऐकून घ्या.

मी या दारावरची कडी. सहा इंच लांबीची, लोखंडी. अंगावर पितळी मुलामा होता, तो बोटं लागून लागून मधोमध उडालाय. तेल कुणी घालत नाही, म्हणून आवाज कर्कश. शिवाय आज मी चिडलेली आहे. गोड, समंजस आत्मवृत्त ऐकायचं असेल तर एखाद्या छत्रीला गाठा. छत्र्या फार सोशिक असतात.

कारखान्यात माझी दांडी ओढली गेली, पत्रा वाकवून तिच्यावर पट्ट्या बसल्या, आणि सहा स्क्रूंसकट मला तपकिरी खोक्यात घातलं. आम्हा कड्यांना एकच शिकवण असते: कडी आतल्या माणसाची. आत जो आहे त्याने ती लावायची, त्यानेच काढायची. बाहेरच्याने दार वाजवायचं आणि वाट बघायची. एवढं सोपं आहे. एवढ्यासाठीच आमचा जन्म.

मग मी मिस्त्रींच्या दुकानात आले. पुढे कड्या, बिजागऱ्या, खिळे विकायला. मागे लाकडाचं काम. तिथे एक दिवस एक बाई आली. वय फार तर सव्वीस. पायात दोन वेगळ्या चपला.

"मजबूत आहे ना? लहान मुलाला आतून उघडता येणार नाही ना?"

"आतून उघडणारच ना ताई? कडी आतच असते," मिस्त्री म्हणाले.

"मला बाहेर लावायचीय."

मिस्त्री दुसऱ्या दिवशी घरी आले तेव्हाही त्यांनी विचारून पाहिलं. "पोर आत आणि कडी बाहेर? ताई, उलटं होतंय."

"काल ती रस्त्यावर गेली होती," बाई म्हणाली. "भर रहदारीत. ट्रकवाल्याने ब्रेक दाबला म्हणून..."

मिस्त्रींनी हत्यारं काढली. कोयंडा नीट बसेना, म्हणून चौकटीवर लाकडाची पट्टी ठोकून त्यांनी मला पोरीच्या खोलीच्या दारावर, हॉलच्या बाजूला बसवलं. एक स्क्रू आखूड निघाला, तरी तोच लावला. जाताना म्हणाले, "थोडे दिवसच ठेवा." बाईने मान डोलावली. तिला ते खरंच वाटत होतं.

थोडे दिवस. अकरा वर्षं झाली त्याला.

आत होती पाच वर्षांची मुलगी. बोलायची कमी, गुणगुणायची जास्त. डॉक्टरांनी स्वमग्नता असा शब्द दिला होता. घरात मात्र तिचं नाव पडलं मॅनेजर. जेवण एकला म्हणजे एकलाच, चादरीच्या पट्ट्या उभ्या म्हणजे उभ्याच. बाबा हसून म्हणायचे, "या घरात मी नुसता कारकून आहे."

त्या पहिल्या महिन्याबद्दल मी काही म्हणणार नाही. मूल रस्त्यावर धावतंय आणि आईला दोनच हात आहेत, तेव्हा तत्त्वं सांगणाऱ्या कडीला भंगारात टाकावं. पण पुढे काय झालं ते सांगते. मॅनेजर सात वर्षांची झाली, रस्ता बघून थांबायला शिकली. मला कुणी काढलं नाही. आधी मी रस्त्याच्या भीतीने लागायचे. मग आईला फोनवर बोलायचं असलं की लागू लागले. मग बाबांना दुपारी डुलकी घ्यायची असली की. मग पाहुणे आले की. प्रत्येक वेळी कारण आधीपेक्षा लहान, आणि लावणारा हात आधीपेक्षा सराईत.

लावताना आई दर वेळी 'सॉरी हं' म्हणायची, हे कबूल करते. पण सॉरी म्हटलं म्हणून कडी काही हलकी लागत नाही.

आणि ही बाई अडाणी नव्हती हो! शिकलेली, वाचणारी. हॉलच्या भिंतीवर तिने तक्ता लावला होता: स्वावलंबनाचे टप्पे. दात घासणे, चहा करणे, सुट्टे पैसे मोजणे, एकटीने बसने जाणे. पुढे चौकोन, चौकोनात खुणा. माझ्या अगदी समोर होता तो. अकरा वर्षं मी तो वाचला. मुलीने काय काय शिकायचं ते सगळं होतं त्यात. आईने काय सोडायचं, त्याचा एकही चौकोन नव्हता.

तिला स्वतःला ते कळत होतं, याचाच मला जास्त संताप. आरशापुढे उभी राहून बाबांना विचारायची, "मी फार अति करते का?" बाबा पेपरातून म्हणायचे, "छे गं." झालं. तेवढ्यावर दोघांचं समाधान.

मॅनेजर सोळा वर्षांची झाली आणि मिस्त्रींच्याच दुकानात कामाला लागली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, तीन ते साडेपाच. विषयही त्यांनीच काढला: "तुमच्या पोरीला क्रमाची आवड आहे ना? माझ्याकडे दहा वर्षांचे स्क्रू एकाच पिंपात पडलेत." तिने महिन्यात ते पिंप निवडून डब्यांत लावलं, डब्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि गल्ल्याशेजारच्या स्टुलावर जाऊन बसली. गिऱ्हाईक आलं की तीन प्रश्न. उत्तरं मिळाल्याशिवाय माल नाही. लोक वैतागायचे. मिस्त्री म्हणायचे, "ती आल्यापासून एक वस्तू परत आलेली नाही. गुमान उत्तर द्या."

बसने जायला लागली तेव्हा आई पहिले अकरा दिवस गॉगल लावून मागच्या सीटवर बसून गेली. बाराव्या दिवशी मॅनेजर घरी येऊन म्हणाली, "आई, तिकीट दोघींचं काढत जाऊ का? एकदम दिलं की कंडक्टरचा वेळ वाचतो." बाबा इतके हसले की चहा सांडला. आईही हसली. मला वाटलं, आता सुटले मी.

मग तो बुधवार आला.

दुपारी दोन वाजता बाबांचे ऑफिसातले साहेब बायकोसह दारात. "इकडून जात होतो, म्हटलं डोकवावं." बढतीची यादी त्या आठवड्यात लागायची होती. बाबा आईच्या कानाशी लागले, "तिला जरा आत ठेव."

"तिचं काम आहे आज. दोन चाळीसला निघते ती."

"मागच्या वेळी आठवतं ना? साहेबांच्या बायकोला विचारलं होतं, तुमचे दात खरे आहेत का? जातील गं ते पाच मिनिटांत."

आई खोलीत गेली. मॅनेजर निळी पिशवी खांद्याला लावून तयार होती. "जरा बस हं राणी," असं म्हणून आई बाहेर आली आणि पाठीमागे हात करून, पाहुण्यांकडे बघून हसत तिने मला सरकवलं. तेव्हा 'सॉरी'ही निघालं नाही.

मी हॉलच्या बाजूला. सगळं माझ्या डोळ्यांदेखत. सरबत झालं, साहेबांच्या गुडघ्याचं दुखणं झालं. आतून आवाज आला, "दोन चाळीस."

आई मोठ्याने म्हणाली, "अजून थोडं घ्या ना."

"दोन एक्केचाळीस." ओरडणं नाही, रडणं नाही. दाराला लागून, शांतपणे. "दोन बेचाळीस. बस गेली."

साहेबांच्या बायकोने मान वळवली. "आत कुणी आहे का?"

आणि आई म्हणाली, "नाही, शेजारचा टीव्ही आहे. फार मोठा लावतात."

माझ्यात रक्त असतं तर त्या क्षणी उकळलं असतं. सोळा वर्षांची जिवंत मुलगी, माझ्यापासून बोटभर फळीच्या पलीकडे उभी, आणि जन्मदात्रीने तिचा टीव्ही करून टाकला! मला सुटून खाली पडायचं होतं. दाणकन, साहेबांच्या पायावर. पण कडीला तेवढंही स्वातंत्र्य नसतं.

पाहुणे तीन दहाला गेले. आईने मला काढलं तोच फोन वाजला. मिस्त्री. हातात कप होते म्हणून आईने फोन स्पीकरवर टाकला.

"ताई, आज मॅनेजर आल्या नाहीत. बऱ्या आहेत ना?"

"हो... म्हणजे ताप आलाय जरा."

"मला ताप नाही," मागून मॅनेजर म्हणाली. "मला आत ठेवलं होतं. कडी बाहेर आहे."

फोनमध्ये रंधा चालल्याचा आवाज होता, तो थांबला. "अजून?" मिस्त्री एवढंच म्हणाले. मग, "शुक्रवारी वेळेवर येऊ द्या तिला."

शुक्रवारी ती गेली आणि नेहमीपेक्षा उशिरा, सव्वासहाला परत आली, हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन. चपलाही काढल्या नाहीत. माझ्यापुढे उभी राहिली आणि पहिला स्क्रू फिरवायला लागली.

"अगं अगं, चौकट खराब होईल," बाबा.

"चुकीची बसवलीय."

"ठेव ते," आई म्हणाली. "ती तुझ्यासाठी लावलीय. तुझ्या काळजीपोटी."

"मी आत होते. बस गेली. हजेरीत एक दिवस कमी झाला." सहा स्क्रू तळहातावर मोजले. "एक आखूड आहे," ती म्हणाली, आणि मला पिशवीत टाकलं.

आई तिथेच दारावरच्या सहा भोकांकडे बघत उभी राहिली. मी पिशवीतून ऐकलं, ती बाबांवर कडाडली, "तू म्हणालास आत ठेव! तू!" बाबा म्हणाले, "टीव्ही कोण म्हणालं?" दोघांचंही खरं होतं, आणि म्हणून मला दोघांचीही कीव आली नाही.

सोमवारी दुकानात मी "वापरलेलं" अशा चिठ्ठीच्या डब्यात पडले. बुधवारी आई आली. डोळे सुजलेले. गिऱ्हाइकांच्या पलीकडून मिस्त्रींना हळूच म्हणाली, "ती कडी द्या ना परत. मी लावणार नाही. नुसती असू दे दारावर. मला झोप येत नाही हो."

"स्टॉक माझ्याकडे नसतो ताई," मिस्त्री रंध्यावरची नजर न काढता म्हणाले. "मॅनेजरना विचारा."

आई गल्ल्याकडे वळली. "बाळा, ती कडी दे."

"लांबी किती?"

"अगं, आपलीच ती."

"आपली नाही. दुकानात जमा झाली. लांबी?"

"सहा इंच."

"दार डावं की उजवं?"

"उजवं."

"आत की बाहेर?"

अकरा वर्षं. अकरा वर्षं मी वाट बघत होते की हा प्रश्न कुणीतरी या बाईला विचारावा. डॉक्टरांनी विचारला नाही, आत्या, मामा कुणी नाही, तक्त्याने तर नाहीच. विचारला तो स्टुलावर बसलेल्या तिच्या मुलीने, जसा ती सगळ्यांना विचारते तसा.

"तू आतून लावलीस आणि पडलीस तर?" आई म्हणाली. "तुला काही झालं तर मी कशी येऊ आत? सांग ना!"

"ते विचारलं नाही. आत की बाहेर?"

मागचा माणूस खाकरला. "अहो बाई, काहीतरी सांगा. मला नुसत्या दोन बिजागऱ्या हव्यात."

"मी काय तुरुंग चालवते का?" आई एकदम त्याच्यावरच खेकसली. तो बिचारा दोन पावलं मागे सरला. उत्तर मी दिलं असतं, पण मी डब्यात होते.

मग आई काहीतरी पुटपुटली.

"ऐकू आलं नाही," मॅनेजर म्हणाली. टोमणा नव्हता तो. रंधा चालू होता, खरंच ऐकू आलं नव्हतं.

"आत!" आई ओरडली. सगळं दुकान वळून बघायला लागलं. "आत लावायची!"

मॅनेजरने वहीत लिहिलं. आखूड स्क्रू बाजूला काढून योग्य लांबीचा घेतला. "साडेपाचनंतर येऊन बसवीन. आता मी कामावर आहे. काका, बिजागऱ्या किती इंची?"

आता मी दाराच्या आतल्या बाजूला आहे. तिने मापं घेऊन, आधी खिळ्याने भोकं पाडून, सरळ रेषेत बसवलंय मला. बाहेरची सहा भोकं बाबांनी पुट्टीने बुजवली. रंग जुळला नाही, डाग दिसतात. दिसू देत.

सगळं विसरले असं तुम्ही म्हणवून घ्याल माझ्याकडून, तर ते जमणार नाही. अकरा वर्षं मला माझ्या शिकवणीविरुद्ध वापरलं. तुमच्याही घरात कुणाच्या तरी दाराला माझी एखादी बहीण बाहेरून लागलेली असेल. कारण असेलच तुमच्याकडे, आणि ते पहिल्या दिवशी खरंही असेल. माझं एवढंच म्हणणं आहे, जाऊन बघा की ते कारण अजून जिवंत आहे का. मेलं असेल तर कडी काढा. मुलीने स्क्रूड्रायव्हर आणेपर्यंत थांबू नका. प्रत्येकीला मिस्त्री भेटत नाहीत.

काल संध्याकाळी आईने दार ढकललं. न वाजवता, जुन्या सवयीने. मी हलले नाही.

"कोण आहे?" आतून विचारणा झाली.

"मी. आई."

"काय काम आहे?"

काम काही नव्हतंच. "काही नाही. बघायला आले होते."

"आत्ता नको."

फळीच्या पलीकडे आईचा तळहात टेकलेला होता, मला त्याचा भार कळत होता. तो वाढेल, अशी मी वाट बघत होते. वाढला नाही. मग तो उचलला गेला, आणि आई आल्या पावली परत गेली.