निरोपाची वायर

मेहुणीच्या ऑफिसात यूपीएस होता, तरी वीज गेली आणि त्याची बॅटरी संपताच सर्व्हर धाडकन बंद पडला. तिने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या भाऊजींना बोलावलं. बायको गेल्यापासून मेहुणीचं तोंड बघायचं त्यांच्या जिवावर यायचं. बायकोने आपला आजार नवऱ्याला नाही, या बहिणीला सांगितला होता. तेव्हापासून ते आतून जळत होते.

"बॅटरी तर नवीकोरी आहे, भाऊजी!"

"आपण संपत आलोय, हे बॅटरीला कळलं होतं गं. सर्व्हरला मात्र कुणी सांगितलंच नाही. निरोपाची वायर जोडलेलीच नव्हती."

त्यांनी वायर जोडली, बॅटरी निम्म्यावर आली की सर्व्हरने आवरायला घ्यायचं असं ठरवून दिलं आणि बघण्यासाठी यूपीएसचा प्लग काढला. थोड्या वेळाने सर्व्हरने सगळ्या फायली नीट मिटल्या आणि तो शांतपणे बंद झाला. भाऊजींना त्या खोक्याचाही हेवा वाटला.

"मला का नाही सांगितलं तिनं?"

मेहुणी खाली बघत म्हणाली, "म्हणायची, कामधंदा सोडून उशाशी बसून राहतील."

"बसलोच असतो की," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी प्लग परत लावला.