सेक्टर सातमधला आंबे झेलायचा खेळ

मी आंबे झेलायचा खेळ बोलतोय. कॉम्प्युटरवरचा, वीस-बावीस वर्षांपूर्वीचा. वरून आंबे पडतात, खाली टोपली असते, बाणाच्या दोन बटणांनी ती सरकवायची. एवढंच माझं कर्तृत्व. पण आज तोंड उघडलंय ते माणसांची शिसारी आली म्हणून.

शामसुंदररावांनी मला सुपेल्याच्या बाजारातून एका सीडीवर आणलं. ते भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्लार्क, राहायला सेक्टर सातच्या क्वार्टरात. आणलं मुलासाठी, पीयूषसाठी. पण खरी खेळायची ती त्याची आई, सुशीलाबाई. नवरा ड्यूटीवर आणि पोरगा शाळेत गेला की शिवण बाजूला सारून बाई माझ्यापुढे. एका दमात तीनशे आंबे! पीयूष दीडशेच्या वर कधी गेला नाही, पण मित्रांना मात्र आईचा आकडा आपला म्हणून सांगायचा. तेव्हाच मी त्याला ओळखायला हवं होतं.

पुढे कॉम्प्युटर भंगारात गेला आणि मी ट्रंकेत. तिथं झुरळांनी माझ्या अंगावर काय काय केलं, ते चार सभ्य माणसांत सांगण्यासारखं नाही.

शामसुंदरराव वारले. सुशीलाबाई लीजवर घेतलेल्या त्याच क्वार्टरात एकट्या, कॉलनीतल्या बायकांचे ब्लाउज शिवत राहिल्या. गेल्या दिवाळीत पीयूष पुण्याहून आला तो त्यांना आपल्या बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटात न्यायचं ठरवूनच.

"आई, आता अकेली नको राहू. तुझे हात पहिल्यासारखे चालत नाहीत."

"कावून नाही चालत? कालच तीन ब्लाउज देले मी," बाई तडकल्या. "हात चालते तवरी मी इथंच. पाहाचं असन तं काढ तो आंब्याचा गेम. हरली तं येईन चुपचाप तुयासंग."

पीयूषनं मला शोधलं आणि अंगावर चरे दिसले म्हणून चक्क टूथपेस्ट चोळली! वर थुंकी लावून शर्टाच्या टोकानं पुसलं. एवढा शिकलेला माणूस! त्याच्या लॅपटॉपला सीडी घालायची खाचच नव्हती. सिविक सेंटरच्या दुकानातून त्यानं बाहेरून जोडायची ड्राइव्ह आणली. लॅपटॉपनं नाक मुरडून मला दोनदा नाकारलं. मग पीयूषनं त्याला जुना कॉम्प्युटर असल्याचं सोंग घ्यायला लावलं, आणि मी सुरू झालो.

सुरू झालो, पण पिसाळल्यासारखा. माझी चाल जुन्या यंत्राच्या गतीवर बांधलेली. नवं यंत्र भरधाव, त्यामुळे आंबे चौपट वेगानं कोसळू लागले. बाईंनी पदर खोचला. चार आंबे झेलले, बाकीचे खाली. पुन्हा सहा. पुन्हा पाच.

"हे एवढे जोरात पडत होते का रे?"

"गेम तो वही है, आई."

बाईंनी आपले हात उलटसुलट करून पाहिले. मग "बरं" म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

आता खरी घाण ऐका. त्या आत गेल्यावर पीयूष स्वतः खेळला. त्याचे सात झाले. तो चपापला. शोधाशोध करून त्यानं माझा वेग कमी करायची सोय काढली, आणि आंबे पूर्वीसारखे निवांत पडू लागले. मला वाटलं, आता आईला हाक मारेल. तेवढ्यात आतून बाईच म्हणाल्या, "काय करून राहिला रे? आणखी एकडाव खेळू का?"

"नको, बंद पडली गेम," असं म्हणून त्यानं लॅपटॉप मिटला.

निघायच्या दिवशी बाईंनी शिलाई मशीन शेजारच्या दिपालीला देऊन टाकली. "काकू, एकदा सुई ओवून द्या ना," ती म्हणाली. बाईंनी चष्म्याशिवाय, पहिल्याच झटक्यात दोरा ओवला.

"काकू, किती फास्ट हात आहे तुमचा!"

"गेला अंदाजानं. आता कायचे चालते हे हात," बाई म्हणाल्या. पीयूष मोबाइलमध्ये बघत होता.

मी अजून त्या रिकाम्या घराच्या खिडकीत आहे. जाताना पीयूषनं माझ्यावर चहाचा ग्लास ठेवला होता. त्याचं चिकट कडं उमटलंय आणि मुंग्या लागल्यात. माझं काय, मी आज ना उद्या कचऱ्यात जाईन. पण तुमच्यापैकी कुणी पुण्याला गेलात आणि बाराव्या मजल्यावर एक बाई हात मांडीवर टाकून नुसती बसलेली दिसली, तर माझा एवढा निरोप द्या: बाई, तुमचे हात ठीक होते. आंबेच जोरात पडत होते.